जोडीनं आत

‘पोरी, खिरकी उघड. मानसा आलीत.’

रिसेप्शनच्या काचेवर बांगडीची टकटक आणि पाठोपाठ हे वाक्य आलं, की समजायचं, वहिनी हजर. खिडकी उघडायची वेळ अजून झालेली नसायची. मी आतून चहाचा कप दाखवायची. त्या कपाकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा बांगडी वाजवायच्या. मग कसला चहा आणि कसलं काय! उघडायलाच लागायची.

दवाखाना माजी सैनिकांचा, आमच्या पनवेलचा. मी तिथे कंत्राटावर, रिसेप्शनला. आधीच सांगून टाकते, मी काही गोडबोली बाई नाही. दिवसभर ‘मॅडम माझं कार्ड, मॅडम माझा नंबर’ ऐकून कुणाचाही आवाज चढेल, माझा जरा लवकर चढतो एवढंच. तुम्हीही कधी अशा खिडकीसमोर उभे राहिला असाल आणि माझ्यासारखीला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या असतील. खुशाल द्या. पण एक सांगते, वहिनींपुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

वहिनी म्हणजे एका हवालदारांच्या पत्नी. हवालदार जाऊन बरीच वर्षं झाली होती. फौजेतली मंडळी त्यांना वहिनी म्हणायची, मग डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळा दवाखानाच म्हणायला लागला. गाव विमानतळाच्या जागेत गेलं तेव्हा त्या लेकीबरोबर करंजाड्याला राहायला आल्या. ठेंगण्या, दणकट, बोलायला लागल्या की अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा आवाज. अंबाड्यावर रोज अबोलीचा गजरा. एखादी नवीन बाई त्या गजऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघायला लागली, की म्हणायच्या, ‘नवरा गेलाय, केस नाय गेले.’

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साधं दुखणंखुपणं आमचे डॉक्टर बघतात. मोठं काही निघालं, तर ते चिठ्ठी देतात आणि माणूस मुंबईला लष्कराच्या मोठ्या हॉस्पिटलात जातो. तिथे सगळं आहे. मोठे डॉक्टर आहेत, मशिनं आहेत, आणि या माणसांचा त्यावर हक्क आहे. पण तिथे जायचा रस्ता आमच्या डॉक्टरांच्या खोलीतून जातो. खोलीत तोंड उघडलं नाही, तर चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही, तर मुंबई नाही.

आणि ही माणसं तोंड उघडतील तर शपथ!

आमचे डॉक्टर फौजेतूनच निवृत्त झालेले कर्नल. उत्तरेकडचे, स्वभावाने अगदी गरीब, मुंगीवर पाय पडला तर माफी मागतील असे. पण जवानाला काय, कर्नल म्हणजे कर्नल. व्हरांड्यातून भिंत धरत, धापा टाकत येणारा म्हातारा दार उघडलं रे उघडलं, की छाती पुढे, पोट आत, टाचेला टाच. ‘कैसे हो?’ ‘ठीक हूँ, साहब!’ ‘कोई तकलीफ?’ ‘नहीं, साहब!’ की लगेच पाठमोरा वळून बाहेर. आणि बाहेर येऊन बाकावर बसला, की ‘आई गं, मेलो गं.’ माझं डोकं फिरायचं. ‘अहो, मग आलात कशाला इतक्या लांबून? पनवेलची हवा खायला?’

त्यांचाही काही दोष नव्हता म्हणा. पलटणीत आजारी म्हणून नाव दिलं, की बाकीचे कामचुकार म्हणून हसणार. वरून डॉक्टरने तब्येतीचा शेरा खाली आणला, की बढती गेली. उमेदीची सगळी वर्षं दुखणं लपवण्यात गेली, ती सवय पेन्शनीत थोडीच सुटते? सर्दी झाली तर हे लोक नाक पुसायला भिंतीआड जातात.

वहिनींचे हवालदार असेच गेले. छातीत कळ आली, त्या स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन आल्या. ही माझ्याही आधीची, या डॉक्टरांच्याही आधीची गोष्ट. हवालदार एकटे आत गेले आणि ‘ठीक हूँ साहब, थोडा गॅस है’ म्हणून बाहेर आले. त्याच आठवड्यात गेले. वहिनी हे सांगताना रडायच्या नाहीत, त्यांना राग यायचा. ‘बारा गावचा पानी प्यायलेला मानूस, आनि डॉक्टरसमोर गॅस! आता या बाकीच्यांना मी असा मरू देनार नाय,’ म्हणायच्या. त्यांना हवं होतं ते एवढंच, आणि त्यासाठी त्यांनी सगळ्यांचा जीव खाल्ला.

आधी त्यांनी गाडी सुरू केली. उरणकडच्या गावांतून दोन-दोन गाड्या बदलून येणं या गुडघ्यांना झेपत नव्हतं. त्यांच्या गल्लीतला एकजण भाड्याची मोठी गाडी चालवायचा, त्याला त्यांनी काय दम दिला कोण जाणे, पण दर गुरुवारी तो चिरनेरपर्यंत जाऊन म्हातारे गोळा करू लागला. वहिनी पुढच्या सीटवर. मांडीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. ज्यांच्याकडे चिठ्ठी असेल त्यांना तीच गाडी उलव्यावरून, समुद्रावरच्या नव्या पुलावरून मुंबईला घेऊन जायची.

पण गाडीने माणूस दारापर्यंत येतो. त्याचं तोंड कोण उघडणार?

वहिनींनी गाडीतच शिकवणी लावली. स्वतः डॉक्टर व्हायच्या. ‘बोला भावजी, काय दुकतंय? खरा बोला.’ गाडीत सगळे खरं बोलायचे. एकाची लघवी अडायची, एकाला दिसायचं कमी, एकाला रात्री झोप नाही. वहिनी खूश. आणि दवाखान्यात? एकामागून एक, ‘ठीक हूँ, साहब!’ वहिनींनी कपाळावर हात मारला. ‘आता गारीत बोलत होता ना रे!’ ‘वयनी, गारीत कर्नल नव्हता.’

मग त्या स्वतःच प्रत्येकाबरोबर आत जायला लागल्या. मी अडवलं. ‘वहिनी, पेशंटबरोबर फक्त नातेवाईक चालतो. तुम्ही यांच्या कोण?’ ‘गाववाली.’ ‘आणि त्यांच्या?’ ‘त्यांची पन गाववाली.’ एवढ्या गावांची गाववाली मी तरी आयुष्यात पाहिली नव्हती! पण त्यानेही जमलं नाही. बाईमाणूस शेजारी उभं असताना लघवीचं कोण बोलणार? म्हातारे आणखीनच ताठ उभे राहायचे. वहिनींना ते लगेच समजलं. त्या दिवशी जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत, गाडीत जाऊन बसल्या. 

पुढच्या गुरुवारी चिरनेरचे नाईक आले, नाईक हा त्यांचा फौजेतला हुद्दा. तुम्हाला दिसावेत म्हणून सांगते, उंच, काठीसारखे, मिशी अजून पलटणीतली, आणि पायात काळे बूट, चकाचक पॉलिश केलेले. बायको वारलेली, मुलगा परदेशात. त्यांच्याबरोबर त्यांचे शेजारी, त्यांना सगळे बँडवाले म्हणायचे. पलटणीच्या बँडमध्ये मोठं पितळी वाद्य फुंकत होते, त्यामुळे आवाज असा, की माझी काच थरथरायची. नाईक आत गेले, ठीक आहेत म्हणून सांगितलं आणि बाहेर आले. चालताना डावा पाय जरासाच टेकवत होते, पण चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

बँडवाले बाकावर बसल्या बसल्या पुटपुटले, ‘ठीक म्हने! रात्री पाय उशीवर ठेवून कन्हतो. मोजा काढला की वास येतो.’ त्यांचं पुटपुटणं म्हणजे पार औषधांच्या खिडकीपर्यंत ऐकू गेलं.

वहिनी उठल्या. ‘हे तुमी आत बोलला?’

‘मी कशाला बोलू? माजा नंबर वेगला, त्याचा वेगला. मला कोनी विचारला?’

‘नाय विचारला?’

‘विचारला असता तर सांगितला असता. तो माज्या जोडीचा मानूस हाय. त्याच्याबद्दल खोटा कसा बोलनार?’

वहिनी तिथेच थबकल्या. मग त्यांनी एका हाताने नाईकांची बाही धरली, दुसऱ्या हाताने बँडवाल्यांची, आणि निघाल्या डॉक्टरांच्या दाराकडे. मी खिडकीतून ओरडले, ‘वहिनी, एका वेळी एकच पेशंट! नियम आहे!’ त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही. ‘पोरी, पहाऱ्यावर एकटा मानूस पाठवतात काय? जोडीनं पाठवतात. तुला काय ठाव?’ मीही मग तणतणत त्यांच्या मागे गेले. नियम मोडला तर बोलणी मलाच बसणार होती.

आत डॉक्टर दुसरंच काहीतरी वाचत होते. वहिनी म्हणाल्या, ‘साहेब, याला विचारू नका. याचा त्याला विचारा.’

डॉक्टरांनी चष्म्यावरून आम्हा चौघांकडे बघितलं. फौजेत प्रत्येक जवानाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो, त्याला ते बडी म्हणतात. एकाने झोपायचं, दुसऱ्याने जागायचं, आणि एकाला काही झालं तर दुसऱ्याने वर कळवायचं. हे मला नंतर समजलं. डॉक्टरांना मात्र ते त्याच क्षणी समजलं असावं. ते उठून उभे राहिले, आणि एवढ्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता तसा त्यांचा आवाज निघाला. ‘जवान! अपने बडी की रिपोर्ट दो!’

बँडवाल्यांच्या टाचा खाडकन जुळल्या. ‘साहब! इसका डावा पाय सड गया है, साहब! दो महिने से! रात को सोता नहीं! शुगर की गोली आधी खाता है, आधी कोंबडी को डालता है! घर में अकेला है, किसी को बोलता नहीं, साहब!’

‘साहब, ये झूठ...’ नाईक लालबुंद झाले.

‘जूता उतारो,’ डॉक्टर म्हणाले.

बूट निघाला. मोजा निघाला. मी तोंडाला पदर लावला, लपवून काय उपयोग. एवढा वेळ त्या पायावर हा माणूस ताठ उभा होता, आणि वर बुटाला पॉलिश! डॉक्टरांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली, मुंबईला फोन लावला. वहिनींनी नाईकांना गाडीत आडवं घातलं आणि भाकऱ्यांचा डबा बँडवाल्यांच्या हातात दिला. डॉक्टर मला हळूच म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर पाय गुडघ्यापासून गेला असता. पुढे मुंबईत दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून हुकूम दिला. आता गुरुवारी सगळे जोडीने आत येतील. आणि जोड्या कोण लावणार? वहिनी.

त्या लावणीचं एक शास्त्रच होतं. सख्खे भाऊ एका जोडीत कधीच नाहीत. ‘ते एकमेकांची जमीन सांगतील, दुखना नाय.’ व्याही-व्याही नाहीत, कारण ते एकमेकांची नुसती तारीफ करतात. ज्यांचा बांधावरून वाद चालू आहे, ते मात्र चालतील. ‘त्यांना सगला ठाव असतो.’

काय सांगू तुम्हाला, काय करमणूक व्हायची! दाराबाहेर ऐकत उभी राहायची मी. ‘साहब, ये रात को छुपके लाडू खाता है!’ ‘साहब, ये चश्मा घर पे रखके बाइक चलाता है, परसो म्हैस को ठोका!’ बाहेर आल्यावर दोघं बाकाच्या दोन टोकांना पाठ करून बसायचे. गाडी सुटेपर्यंत अबोला. पुढच्या गुरुवारी पुन्हा एकत्र. पण चिठ्ठ्या निघू लागल्या. मोतीबिंदू निघाले, हर्निया निघाले, एकाच्या मेंदूतली गाठ वेळेवर सापडली. मुंबईच्या हॉस्पिटलातून आधी फोन आला, एका चिठ्ठीवर तुमच्याकडून दोन माणसं का येतात? डॉक्टरांनी कारण सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. नंतर तिथेही आमच्या जोड्यांना जोडीनंच आत घ्यायला लागले.

वहिनींची जोडी मात्र कुणाशीच नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ‘माजी जोडी गेली ना, मला सूट हाय.’

ती सूट त्यांनी चांगली वर्षभर वापरली. मला काही कळलं नाही. मी खिडकीमागे बसणारी, मला माणूस छातीपासून वरच दिसतो. गाडीतल्या मंडळींना मात्र सगळं दिसत होतं. एका गुरुवारी सगळ्या जोड्या आटोपल्या आणि बँडवाले खिडकीशी आले. ‘मॅडम, आनखी एक नंबर द्या.’

‘कोणाचा? सगळे झाले ना?’

त्यांनी नुसती हनुवटी हलवली. मागे बाकावर वहिनी भिंतीला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपल्या होत्या. तोंड उघडं, श्वास वरवरचा. पायातल्या चपला बाजूला काढलेल्या, आणि पाय सुजून घोटे दिसेनासे झालेले.

मी नंबर दिला. अख्खी गाडी आत गेली. मधे वहिनी, आणि त्यांच्या मागे झाडून सगळे म्हातारे, काठ्या सांभाळत, रांगेत. ‘साहब! भाभी पुल के पास खिडकी खोलके साँस लेती है!’ ‘साहब, आडवी झोपत नाय, बसून झोपते, लेकीने सांगितला!’ ‘साहब, दोन पायऱ्या चढली की थांबते आनि आमाला बोलते, विमान बघा!’

वहिनी भडकल्या. ‘चुगलखोर मेल्यांनो! माज्या भाकऱ्या खाल्ल्यात ना रे?’ पण तेवढं बोलतानाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही.  हृदयाची एक झडप निकामी व्हायला आली होती.

त्याच गाडीने त्यांना मुंबईला नेलं. पुढच्या सीटवर नाईक बसले.

ऑपरेशन झाल्यावर मी एका रविवारी भेटायला गेले. स्वच्छ, मोठा वॉर्ड, वर्दीतल्या सिस्टर, खिडकीतून येणारा खारा वारा. वहिनींनी शेजारच्या पलंगावरच्या सुभेदारणीला आधीच ताब्यात घेतलं होतं, तिला दुखतं कुठे ते सिस्टरला त्याच सांगत होत्या. मला बघून हसल्या. मग माझा हात धरून त्यांनी छताकडे बघितलं.

‘पोरी, हवालदार इथपर्यंत आला असता ना, तर वाचला असता ग.’

 मी नुसता तो हात धरून बसले. सिस्टरने वेळ संपली म्हणून सांगितलं तरी बसले, आणि तिने मला उठवलं नाही.

त्यानंतर वहिनी छान जगल्या. पुन्हा पुढच्या सीटवर बसल्या, पुन्हा जोड्या लावल्या, माझ्याशी पुन्हा भांडल्या. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, म्हणून बिनमिठाची चटणी सगळ्या गाडीला खायला घातली. आणि या वर्षी, आंब्याला मोहोर होता तेव्हा, दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. आडव्या झोपल्या होत्या, सरळ, उशीवर डोकं ठेवून. लेकीने मला हे दोनदा सांगितलं.

पुढच्या गुरुवारी गाडी आली. माणसं उतरली, मी नंबर दिले. चिरनेरची जोडी आत गेली, आणि मी त्यांचे जुने कागद घेऊन मागोमाग गेले.

‘रिपोर्ट,’ डॉक्टर म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

‘साहब,’ बँडवाले म्हणाले, ‘ये खाना नहीं खाता. भाकरी मोडता है और रख देता है.’

‘साहब, हा पन,’ नाईक म्हणाले. ‘पहाटेपासून ओट्यावर बसून राहतो. बोलत नाय. हा, साहब, बोलत नाय!’

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. लिहायला पेन उचललं नाही. मी कागद ठेवले आणि निघाले. बाहेर रांग होती, आणि रांग सांभाळणं हे माझं काम आहे.

‘आनि साहब, ह्या मॅडम,’ बँडवाले मागे न बघताच म्हणाले. ‘सकालपासून सारख्या तोंड धुवून येतात. डबा उघडला नाय.’

मी वळले. तुम्हाला कोणी विचारलं होतं, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. पण दोघे म्हातारे समोर बघत ताठ उभे होते, खरा रिपोर्ट दिल्यासारखे. डॉक्टर उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि पेशंटची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी बसले.